एक निजतं, एक जागतं

सोमवारी अक्का बोलत नसत. बाकीचे सहा दिवस बोलत, पण बहुतेक दोन झाडांविषयीच.

परसाच्या टोकाला एक दगडी ओटा होता आणि त्याच्या दोन बाजूंना ही झाडं मोठ्या गमल्यांत लावलेली होती. डावीकडच्याची पानं पातळ, पिंपळपानासारखी, मध्ये लालभडक शिरा आणि वर पांढरे ठिपके. उजवीकडचं उंच, उसासारख्या पेरांचं. गर्द हिरवी रुंद पानं आणि त्यांच्यावर फिकट पिवळे डाग. परभणीच्या उन्हात असलं काही जगत नाही. अक्का वाळ्याचे तट्टे आणि गोणपाटं बांधून, दिवसातून चारदा पाणी शिंपडून त्यांना जगवत.

"हे निजतं," डावीकडे बोट करून त्या सांगत. "दिवाळी झाली की समदी पानं टाकतं, मातीखाली जाऊन बसतं. चैतात पाणी घातलं की उठतं. आन् हे," उजवीकडे वळल्यावर त्यांचा आवाज खाली येई, "हे निजतच न्हाई. बारा महिने जागंच. तोडून टाका, तुकडा जागतो."

मग समोरच्याला विचारत, "तुमी असता तर न्हाणीपाशी कोणतं लावलं असतं?"

दूधवाल्याला विचारलं, घरी येणाऱ्या जंगमस्वामींना विचारलं, माझ्या वडिलांनाही विचारलं. बहुतेक जण रंग बघून डावीकडचं सांगत. अक्का नुसती मान हलवत. माझी आई एकदा म्हणाली, "मी दुसरं लावीन बाई, बारमाही असतं ते बरं." त्या दिवशी अक्का बराच वेळ आईच्या हातांकडे बघत राहिल्या. आईनं हात पदरात घेतले.

आम्ही त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आलो तेव्हा मी अठरा वर्षांची होते. वडील रेल्वेत पार्सलचं काम बघत. सिकंदराबादहून त्यांची बदली झाली आणि माझी मिशनची शाळा मॅट्रिकपाशी संपली. स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर अक्कांचं धान्याचं दुकान होतं. ते आता दुसऱ्याला चालवायला दिलेलं. मागे परस, आणि परसाच्या कडेनं एका ओळीत चार खोल्या. दोन त्यांच्या, दोन आमच्या. अक्का साठीच्या आसपास असतील. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पांढरं लुगडं, आणि कमरेला कायम एक छोटी कोयती खोचलेली.

पहिल्याच दिवशी आईनं ओट्याकडे बघून विचारलं, "हा ओटा कशाचा, अक्का?"

"सुनेचा हाय. गिरजाचा. बसलीय तिथं."

आईनं पुन्हा ओट्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, स्वतःच्या जमिनीत, हे वडिलांनी घरात आल्यावर समजावून सांगितलं. त्यानंतर आई परसात वाळवण घालताना नेहमी ओट्याकडे तोंड करून घाली. पाठ करायला नको वाटतं, म्हणे.

मला तेव्हा फारसं कुणाशी बोलता येत नसे. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, रस्त्यावर उर्दू. तोंड उघडण्याआधी कोणती भाषा काढायची याचाच विचार होई, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असे. आई शेजारणींना सांगायची, "हिला एवढं शिकवलं, पण हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पोहरा काढायचा." अक्का हे ऐकून हसायच्या नाहीत. मला त्या मिसबाबा म्हणत. मी तास-दोन तास ओसरीवर गप्प बसून असले की जाता जाता म्हणत, "मिसबाबा, आज लय बडबड करायलीस. जरा दम खा."

दिवाळीनंतर चार दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. डावीकडचं झाड नुकतंच मातीखाली गेलं होतं. गमल्यात नुसती काळी माती होती, आणि त्या मातीला अक्का पाणी न घालता हातानं थोपटत होत्या, लहान मुलाला थोपटावं तसं.

"इंग्रजी वाचतीस ना?"

मी मान हलवली.

"वाचून मराठीत सांगशील?"

पुन्हा मान.

"आन् भाईर कुणाला सांगणार न्हाईस. ते तर दिसतंच हाय."

देवळीतून त्यांनी एक गाठोडं काढलं. तीन फडक्यांत गुंडाळलेलं जाड इंग्रजी पुस्तक होतं, हिंदुस्थानातल्या बागांविषयीचं. पूर्णेला रेल्वेचा एक गोरा साहेब होता. विलायतेला परत जाताना त्यानं बंगल्यातलं सामान विकायला काढलं, तेव्हा अक्कांच्या मालकांनी दोन गमले आणले आणि गमल्यांबरोबर हे पुस्तक फुकट मिळालं. मालकांना मोडी येई, मुलाला उर्दू. पुस्तक बारा वर्षं गाठोड्यात राहिलं. गावात इंग्रजी वाचणारे दोन-तीन वकील होते, कचेरीतले एक-दोघं होते. "पण त्यांना वाचाया द्यायचं म्हंजे कामून ते सांगावं लागल," अक्का म्हणाल्या. मला त्यांनी तेव्हा तरी का ते सांगितलं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. दुपारची जेवणं झाली की मी ओट्यासमोर पाटावर बसे. वाचायची त्यांची पद्धत वेगळी होती. आधी सगळं इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं. त्या डोळे मिटून ऐकत, एक अक्षर कळत नसताना. मग मराठीत सांगायचं. तेव्हा त्या डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघत. दिवसाला तीन पानं, चौथं नाही. पुस्तक झाडांच्या नावांप्रमाणे लावलेलं होतं, त्यामुळे त्या दोन झाडांपर्यंत पोचायला कित्येक महिने लागणार हे मला दिसत होतं. मी एकदा म्हटलं, "अक्का, चित्रं आहेत. आपली झाडं शोधून तेवढंच वाचू का?"

"न्हाई. येतंय ते वळीनं येऊ दे."

त्यांच्या सोमवारच्या मौनाला गावात मान होता. शंकराचा वार, विधवा बाई, कडक उपास. भाजीवाली सुद्धा सोमवारी त्यांच्याशी खुणांनी व्यवहार करी. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी मी लवकर उठून न्हाणीकडे चालले होते. थंडी होती, पाऊस नव्हता, दवही नव्हतं. तरी उजवीकडच्या झाडाच्या पानांच्या टोकांवरून ओट्याच्या दगडावर पाणी ठिबकत होतं. थेंब पडे, थोड्या वेळानं दुसरा पडे. दगडावर त्याची ओली रेघ झाली होती. पुढे पुस्तकातच मी वाचलं की अशा झाडांच्या मुळांना रात्री जास्त पाणी मिळालं तर पहाटे ते पानांच्या टोकांतून बाहेर येतं. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं आणि माझे पाय तिथंच थांबले.

अक्का ओट्याशी बसल्या होत्या. त्यांनी कोयतीनं पानाचा देठ जरासा छेदला, निघालेला चीक बोटाच्या टोकावर घेतला आणि जिभेला लावला. मग हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या. चेहरा हळूहळू लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

मी मागे सरकले तेव्हा त्यांनी मान वळवली. मला वाटलं रागावतील. त्यांनी हातानं जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर दाबून ठेवला. त्या गिळायचा प्रयत्न करत होत्या. माझ्या तळव्याखाली काहीतरी वर चढे, अडके, पुन्हा खाली जाई. त्यांनी तोंड उघडलं. जीभ जाड झाली होती. त्यातून एक आवाज आला, शब्द नव्हे. सबंध वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या, मला ते कळतंय का हे तपासत असल्यासारख्या.

मंगळवारी वाचायला बसले तर त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही.

"आदी ऐक," त्या म्हणाल्या. आवाज अजून घोगरा होता.

साहेबाकडचे गमले आणले तेव्हा मालकांनी ती दोन्ही झाडं गमल्यांतून काढून न्हाणीच्या पाण्यावर लावली, चमकुऱ्याच्या रांगेत. अळूला आमच्याकडे चमकुरा म्हणतात. पानं तशीच दिसत, चमकुऱ्याच्या भाऊबंदांसारखी. मालक थट्टेनं त्यांना साहेबाचा चमकुरा म्हणत. गिरजाला तेव्हा पाचवा महिना होता. तिला चमकुऱ्याच्या वड्यांचे डोहाळे लागले.

"सोमवार होता. माजा उपास. मालक दुकानात, पोरगं हैदराबादला. तिच्या एकलीसाठी केल्या. घरच्या चमकुऱ्याची पानं उन्हानं करपली होती, थोडकीच निघाली. ती म्हणाली, अक्का, ही रंगाची घेऊ का, वड्या लाल दिसतील. घे म्हणलं. तिनं ती रंगाची कापली. मी ह्याची कापली. रुंद हायत, वळकटी चांगली होती." त्यांनी उजवीकडच्या झाडाकडे बघितलंही नाही, नुसता हात केला. "तिसऱ्या वडीला म्हणाली, घशात खाजायलंय. मी म्हणलं, चमकुरा खाजतोच, खा. तिनं खाल्ल्या. मग जीभ भाईर आली. मला काय तरी सांगायलीती. एवढं तोंड करून सांगायलीती, आन् मला कळंना. मालक वैद्याला घेऊन येईस्तोवर लिंगैक्य झाली."

ओट्यावर एक चिमणी येऊन बसली होती. अक्कांनी ती उडवली.

"तिनं कापली त्यानं गेली, का मी कापली त्यानं? एवढंच मला पाहिजे."

मालकांना दोन्ही झाडं उपटून टाकायची होती. अक्कांनी टाकू दिली नाहीत. "साक्षीदार मारायचे न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि गमल्यांत घालून ओट्याशी आणून ठेवली. तेव्हापासून दर सोमवारी एका झाडाचा चीक त्या जिभेला लावत. एका सोमवारी हे, पुढच्या सोमवारी ते; दिवाळीपासून चैत्रापर्यंत मात्र नुसतं उजवीकडचं.

"मग कळलं नाही?" मी विचारलं.

"कदी हे जास्ती लागतं, कदी ते. आन् कळलं तरी जीभ माजीच. ती माज्याच बाजूनं बोलणार. तिचं कसं खरं मानावं?"

गावात काय बोलतात हे आईनं आधीच ऐकून ठेवलं होतं. सासूनं सुनेला छळलं, अन्न दिलं नाही, शेवटी काहीतरी खायला घातलं. मुलगा त्यानंतर हैदराबादलाच राहिला, दुसरं लग्न केलं, आईकडे फिरकला नाही. गिरजाचं माहेर जिंतूरचं. तिची आई मातीच्या दिवशी येऊन गेली ती पुन्हा कधी आली नाही. अक्काही गेल्या नाहीत. "जाऊन सांगू काय?" त्या म्हणत. "तुमची पोरगी तिच्या हातानं गेली म्हणू, का माज्या? अर्धं सांगायला कसं जावं?"

पौषात एका शुक्रवारी अक्का पाणी आणायला आत गेल्या होत्या. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी पानं उलटली. आधी डावीकडचं झाड सापडलं, कॅलेडियम; मग उजवीकडचं, डिफेनबाखिया. चित्र पाहून लगेच ओळखलं, तीच पेरं, तेच डाग. मजकूर आठ-दहा ओळींचा होता. लिहिलं होतं की या झाडाचा चीक तोंडात गेला तर जीभ सुजते, वाचा जाते, घसा बंद होऊन माणूस दगावू शकतो. दूरच्या काही बेटांवर गुलामांना शिक्षा म्हणून त्यांच्या तोंडात हे घालत. समासात साहेबानं शिसपेन्सिलीनं, बारीक आणि सरळ अक्षरात लिहून ठेवलं होतं: स्वयंपाकघराजवळ लावू नये.

अक्कांच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे त्या येताना वाजत नसत. मी पान मिटलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

त्यानंतरचे चार महिने मी ते पान जवळ येताना बघत होते. वाचताना मधेच माझी नजर पुस्तकाच्या जाडीकडे जाई. अजून एवढी पानं, अजून एवढी. घरात मी आणखी गप्प झाले. आई म्हणाली, "त्या बाईनं हिच्यावर काहीतरी केलंय." वडील म्हणाले, "काय करणार? बागकाम शिकतेय पोरगी." रात्री झोप लागली तर ते गुलाम दिसत, तोंडं उघडी असलेले, आणि ते सगळे मला काहीतरी सांगायला बघत.

फाल्गुनात कॅलेडियम आलं. मी इंग्रजीत वाचलं, मग सांगितलं, "पानं आणि कंद खाजरे असतात. पण काही मुलखांत लोक उकडून खातात."

"खातात?"

"खातात."

"आन् मरत न्हाईत?"

"तसं लिहिलेलं नाही."

अक्का डावीकडच्या गमल्याकडे बघत राहिल्या. माती अजून कोरडीच होती. "म्हंजे हे सुटलं," त्या हळूच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दुसरं पान वाचू दिलं नाही.

वैशाखात, उन्हानं परसातली माती चुलीसारखी तापलेली असताना, ते पान आलं. गोणपाटांवर पाणी मारलं होतं, त्यांचा ओला वास येत होता. मी इंग्रजीत वाचलं. आवाज नेहमीसारखा ठेवला. मग मराठीत सांगितलं, "हे झाड सावलीत वाढतं. खोडाचे तुकडे करून लावता येतात. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून हात धुवावेत." आणि थांबले.

अक्का डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"झालं?"

"झालं."

त्या उठून माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि समासातल्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे न्हाई वाचलंस."

त्या माझ्याशेजारी मातीत बसल्या.

"चित्र तर मलाबी दिसतं, पोरी. बारा वर्सं हे पान उघडून बघायलेय. कुणीतरी हातानं काय तरी लिव्हलंय, एवढं मला कळतं."

"मग पहिल्या पानापासून का वाचायला लावलंत?"

"तुजा आवाज वळखायला. एवढी समदी झाडं वाचलीस, एकात तरी खोटं बोलायचं तुला कारण होतं का? आता खोटं बोललीस, तर ते कसं वाजतं ते मला कळलं." त्या रागावलेल्या नव्हत्या. "आता खरं वाच."

मी खरं वाचलं. जीभ, वाचा, घसा, बेटांवरचे गुलाम, सगळं. शेवटी पेन्सिलीचं वाक्यही सांगितलं.

"सैपाकघराजवळ लावू नये," त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. "घरातच होतं म्हणायचं. गाठोड्यात बांधून."

उजवीकडचं झाड अजिबात हलत नव्हतं. वारा नव्हताच. तरी मला वाटत राहिलं की तेही ऐकतंय.

"बोल आता. हात कुणाचा?"

मी खाली बघितलं.

"आजपोतर मी इचारलं त्या समद्यांनी देवाची मर्जी म्हणलं. मालक म्हणले, स्वामी म्हणले. देवाला इचारलंच न्हवतं मी. तू सांग. लिव्हलंय त्यावरनं सांग."

मी आयुष्यात कुणाला एवढं मोठं काही सांगितलं नव्हतं. कोणत्या भाषेत सांगायचं हा प्रश्न त्या वेळी पडला नाही.

"तुमचा, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या पडतील, म्हणून मी दंड धरला. त्या पडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या जिंतूरला जायचं. पुस्तक घे. गिरजाच्या आईनं इचारलं तर वाचून दाखवायचं."

आई सोडायला तयार नव्हती. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगी सांजच्या मोटारीनं परत आणून देते. माजं काय झालं तर मोटारवाल्याला सांगून ठेवलंय, तो आणल." हे ऐकून आई जास्तच घाबरली, पण वडिलांनी जा म्हटलं.

मोटारीत माणसं आणि सरकीची पोती सारखीच कोंबलेली होती. अक्का खिडकीशी ताठ बसल्या. अर्ध्या वाटेत त्या माझ्या कानाशी वाकल्या. "ती जे करल ते करू द्यायचं. शिव्या देऊ दे, मारू दे, काय बी. तू मधी बोलू नकोस. तुला अवघड न्हाई ते."

गिरजाच्या आईचं घर कापसाच्या बाजाराच्या मागे होतं. त्या एकट्याच होत्या. आमच्यापेक्षा उंच, काटक, कपाळावर तसेच विभूतीचे पट्टे. दार उघडून त्यांनी अक्कांना पाहिलं, आणि दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मग त्या बाजूला झाल्या. पाणी दिलं नाही, बसा म्हणाल्या नाहीत. अक्का जमिनीवरच बसल्या.

"इहीणबाई, आमच्याकडं दोन झाडं होती," अक्का म्हणाल्या. "एकाचा पाला इखारी निघाला. चमकुरा समजून वड्यांत घातला. तो मी कापला. ह्या हातानं. पुस्तकात लिव्हलंय, ही पोरगी वाचून दाखवल. तुमची पोरगी माज्या हातानं गेली. छळून न्हाई मारली, पण गेली माज्याच हातानं."

मी पुस्तक उघडून धरलं होतं. विहीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. भिंतीवर पाल चुकचुकली, बाहेर कुणीतरी गाडी हाकत गेलं. मग त्यांनी विचारलं, "वड्या तिनं मागितल्या होत्या?"

"व्हय. डोहाळे होते."

"तिला लय आवडायच्या. लहानपणी मी करायच्या आदीच पानं मोजून ठेवायची." त्या थांबल्या. "खाल्ल्या का?"

"खाल्ल्या."

"किती?"

"पाच. मीच वाढायलेते."

"पाच," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा हात स्वतःच्या पोटावर गेला होता. "मी आले तवा तिला बसवलंवतं. तोंड उघडंच होतं तिचं. मिटंना. लोकं म्हणायलेते, उपाशी ठिवली. मी म्हणलं, अन्नासाठीच पसरलंय तोंड. बारा वर्सं मला तेच तोंड दिसायलंय. जेवाया बसले की दिसतं."

अक्कांनी मान खाली घातली.

"उपाशी न्हवती गेली मग," विहीणबाई म्हणाल्या. ते अक्कांना उद्देशून नव्हतं, मलाही नव्हतं.

त्या उठल्या, मागच्या दारानं परसात गेल्या आणि पदरात काहीतरी पाला घेऊन आल्या. कशाचा ते दिसलं नाही. त्यांनी तो आमच्याकडे पाठ करून चिरला. चूल पेटवली. धूर घरभर झाला. अक्का भिंतीला टेकल्या नाहीत. मी पुस्तक मिटून फडक्यात बांधलं, कारण हातांना दुसरं काही काम नव्हतं.

मग आमच्यापुढे दोन ताटं आली. भाकरी, आणि हिरवी, घोटलेली पातळ भाजी, तिच्यातून वाफ निघत होती. विहीणबाई समोर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि अक्कांच्या हाताकडे बघू लागल्या.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. घाई नाही, थांबणंही नाही. मला त्यांनी खा किंवा नको, काहीच खुणावलं नाही. मी तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

भाजी संपत आली तेव्हा विहीणबाई भांडं घेऊन उठल्या.

"अजून वाढू?" त्यांनी विचारलं.

"वाढा," अक्का म्हणाल्या.